मान वर, नजर बाहेर
प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधील हेड-अप डिस्प्ले : एक प्रस्तावना

प्रवासी जेट विमान उतरताना साधारण १४० नॉट वेगाने, तीन अंशांच्या उतारावरून खाली येत असतं. म्हणजे दर सेकंदाला ७२ मीटर पुढे आणि बारा फुटांहून थोडं जास्त खाली. पहिल्या श्रेणीच्या इन्स्ट्रुमेंट लँडिंगमध्ये, म्हणजे जगातल्या बहुसंख्य विमानतळांवर रोज होणाऱ्या लँडिंगमध्ये, धावपट्टीपासून २०० फूट उंचीवर वैमानिकाला निर्णय घ्यावा लागतो. धावपट्टी किंवा तिच्या अलीकडचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर इंजिनांचा जोर वाढवून परत वर जायचं. त्या उंचीवरून जमीन गाठायला सोळाएक सेकंद लागतात.

या सोळा सेकंदांच्या उंबरठ्यापर्यंत वैमानिकाची नजर खाली, समोरच्या पॅनेलवर असते. वेग, उंची, उतार, दिशा हे सगळं तिथे आहे आणि खिडकीबाहेर नुसता पांढरा कापूस. मग तो मान वर करतो. हातभर अंतरावरच्या पडद्यावर स्थिरावलेल्या डोळ्यांना किलोमीटरभर लांबचे अंधुक दिवे शोधायचे असतात. डोळ्याचं भिंग नव्या अंतराशी जुळवून घेतं, आणि चाळिशीनंतर ते हे काम सावकाश करतं. त्याहून मोठा बदल मेंदूला करावा लागतो. आतापर्यंत तो आकडे आणि सुया वाचत होता, आता त्याला एका तुटक दृश्यातून उतार आणि दिशा ओळखायची आहे. बाहेर पाहताना वेग दिसत नाही म्हणून नजर पुन्हा खाली जाते, पुन्हा वर येते. यातल्या प्रत्येक फेरीत विमान शे-दीडशे मीटर पुढे सरकलेलं असतं.

हेड-अप डिस्प्ले, वैमानिकांच्या बोलीत ‘हड’, ही फेरी वाचवतो. डोळ्यांसमोर एक पारदर्शक काच, तिच्यावर हिरव्या रेषांत उमटलेली उड्डाणाची माहिती, आणि त्याच काचेतून पलीकडे दिसणारं बाहेरचं जग. सांगायला इतकं सोपं. लढाऊ विमानांत हे यंत्र साठच्या दशकापासून आहे, मात्र प्रवासी विमानात ते मूळच्या बांधणीचा भाग म्हणून यायला २०११ साल उजाडावं लागलं. मधल्या पन्नास वर्षांत नेमकं काय अडलं होतं, याचा शोध हे पुस्तक घेतं. माझं मत इथेच सांगून टाकतो. हे यंत्र कॉकपिटमध्ये आणण्यातलं खरं कौशल्य काचेवरून काय वगळायचं हे ठरवण्यात आहे. प्रकाशशास्त्राचे प्रश्न बऱ्याच अंशी लवकर सुटले. माणसाच्या लक्षाचे प्रश्न आजही पूर्ण सुटलेले नाहीत.

आधी यंत्र पाहू. वैमानिकाच्या डोक्यावर, छताला एक प्रोजेक्टर बसवलेला असतो. त्यातली प्रतिमा भिंगांच्या रांगेतून निघून समोरच्या कंबायनर नावाच्या काचेवर पडते. काचेच्या आतल्या वक्र थरावरून परावर्तित होताना प्रकाशाचे किरण एकमेकांना समांतर होतात. समांतर किरण डोळ्याला अनंत अंतरावरून आल्यासारखे वाटतात, त्यामुळे काच वीतभर अंतरावर असली तरी तिच्यावरच्या रेषा क्षितिजाइतक्या लांब दिसतात. धावपट्टी आणि तिच्यावर टेकलेलं चिन्ह एकाच वेळी स्पष्ट दिसतं. भिंगाला जुळवाजुळव करावीच लागत नाही. काचेवरचा लेप हिरव्या प्रकाशाचा एक अरुंद पट्टा तेवढा परावर्तित करतो आणि बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो, म्हणून बाहेरचं दृश्य फारसं मंदावत नाही. हिरवाच रंग का? दिवसाउजेडी माणसाचा डोळा याच रंगाला सर्वाधिक संवेदनशील असतो, आणि सूर्यप्रकाशात न्हालेल्या पांढऱ्या ढगावरही रेषा दिसाव्यात अशी कमी ऊर्जेतली सोय याच रंगात होते.

या मांडणीची एक किंमत आहे. चित्र पूर्ण दिसायचं तर डोळे हवेतल्या एका लहानशा चौकोनी जागेतच असायला हवेत. वैमानिक जरा खाली घसरून बसला की वरच्या रेषा कापल्या जातात. त्यामुळे हड बसवलेल्या विमानात खुर्चीची उंची नीट लावणं हा उड्डाणपूर्व कामाचा गंभीर भाग ठरतो, आणि जे कॅप्टन वर्षानुवर्षं आपल्या आवडीच्या उंचीवर बसत आले त्यांना ती सवय सोडावी लागते.

हडचं मूळ तोफेच्या नेमात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत काचेवर परावर्तित होणारं लक्ष्यचिन्ह असे. शत्रूवर नजर ठेवूनच नेम धरता यावा म्हणून. त्याला उड्डाणाची माहिती जोडली गेली आणि ब्रिटनच्या ब्लॅकबर्न बकानीर या नौदलाच्या हल्लेखोर विमानात, समुद्राला चाटून वेगाने उडताना खाली पाहण्याची सोयच नसल्यामुळे, हड प्रत्यक्ष सेवेत आला. नागरी उड्डाणासाठी खरी कलाटणी मात्र एका फ्रेंच चाचणी-वैमानिकाने दिली. त्याचं नाव जिल्बेर क्लोपफस्टाइन. कोणती चिन्हं काचेवर यावीत याचा त्याने मुळापासून विचार केला, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक हडवर त्या विचाराची छाप आहे.

त्याच्या विचाराच्या केंद्रस्थानी एक लहानसं वर्तुळ आहे, दोन बाजूंना आखूड पंख असलेलं. इंग्रजीत त्याला फ्लाइट पाथ व्हेक्टर म्हणतात, आपण मार्गचिन्ह म्हणू. विमानाचं नाक जिकडे आहे तिकडे विमान जात असतंच असं नाही. उतरताना नाक क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर असतं आणि विमान तीन अंश खाली जात असतं. आडवा वारा असेल तर नाक वाऱ्याकडे वळलेलं आणि वाटचाल धावपट्टीच्या रेषेत. जुन्या पॅनेलवर वैमानिकाला नाकाचा कोन दिसे. विमान खरोखर कुठे चाललंय हे तो चार-पाच उपकरणं जुळवून मनात काढत असे. मार्गचिन्ह ते उत्तर थेट बाहेरच्या दृश्यावर मांडतं. ते धावपट्टीच्या टेकण्याच्या जागेवर ठेवलं की विमान तिथेच जाणार. त्यासाठी विमानाची जमिनीच्या संदर्भातली हालचाल क्षणोक्षणी अचूक मोजणारी जडत्वीय यंत्रणा लागते, आणि ती यंत्रणा प्रवासी विमानांत रुळेपर्यंत हडला त्याचं सर्वांत मौल्यवान चिन्ह मिळणं शक्य नव्हतं. हा मुद्दा इतिहासात बरेचदा निसटतो, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

हे चिन्ह इतकं महत्त्वाचं का, याचं उत्तर धुक्यात नाही, स्वच्छ रात्रीत मिळतं. साठच्या दशकात रात्रीच्या वेळी, चांगल्या हवेत, जेट विमानं धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला धडकण्याचे अपघात झाले. बोइंगमधल्या कॉनरॅड क्राफ्ट या मानसशास्त्रज्ञाने सिम्युलेटरमध्ये एक प्रयोग केला. अलीकडे गडद काळोख, जसा समुद्रावर किंवा निर्जन माळावर असतो, आणि पलीकडे चढावर वसलेल्या शहराचे दिवे. उंचीमापकाविना, केवळ नजरेवर विसंबून उतरणारे कसलेले वैमानिकही धोकादायकरीत्या खाली आले, आणि आपला उतार बरोबर आहे अशीच त्यांची खात्री होती. डोळा इतक्या विश्वासाने चुकतो. मार्गचिन्ह आणि त्याच्याजवळची तीन अंशांची तुटक रेषा ही चूक होत असतानाच दाखवतात, नजर बाहेरच असताना.

आता धुक्याकडे येऊ. हडला विमानकंपन्यांच्या दारातून आत आणलं ते धुक्यानेच. पण त्याच्या आधी दुसरा एक उपाय पुढे निघून गेला होता, तो म्हणजे यंत्रालाच विमान उतरवू देणं. १० जून १९६५ रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडेंट विमान प्रवाशांना घेऊन हीथ्रोवर स्वयंचलित यंत्रणेने टेकलं. ऑटोलँडची ही वाट उत्तम आहे आणि आज मोठ्या विमानांत तीच रूढ आहे. मात्र एक ऑटोपायलट बिघडला तरी काम निभावेल अशा दोन-तीन ऑटोपायलटांची ही रचना महाग असते. आणि जुन्या, लहान विमानांत ती मागाहून बसवणं बहुतेकदा परवडत नाही.

फ्रान्समध्ये एअर इंटर या विमानकंपनीने दोन्ही वाटांचा मेळ घातला. तिच्या दासो मर्क्यूर विमानांत स्वयंचलित लँडिंगवर नजर ठेवण्यासाठी कॅप्टनसमोर हड होता. अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सने वेगळा निर्णय घेतला. सिअ‍ॅटलच्या धुक्याने तिचं वेळापत्रक वारंवार कोलमडत असे आणि ताफ्यात बोइंग ७२७ होती. ऑरेगनमधल्या फ्लाइट डायनॅमिक्स या कंपनीने हडच्या संगणकालाच मार्गदर्शन काढायला शिकवलं: वैमानिकाने हाताने विमान उडवायचं, मार्गचिन्ह काचेवरच्या बारीक वर्तुळात ठेवायचं, आणि जमिनीजवळ फ्लेअरची, म्हणजे टेकण्याआधी उतार मोडण्याची, खूण वर सरकेल तसं नाक उचलायचं. १९८९ मध्ये अलास्काचं ७२७ अशा रीतीने तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे सर्वांत कमी दृश्यतेच्या, धुक्यात प्रवाशांसह उतरलं. निर्णयाची उंची २०० फुटांवरून ५० फुटांवर आली. पुढे साउथवेस्टसारख्या कंपनीने आपल्या ७३७ विमानांसाठी हाच मार्ग धरला.

मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. एकाच धुक्याला दोन उत्तरं मिळाली. एका उत्तरात माणूस देखरेख करतो, दुसऱ्यात तो स्वतः उडवतो आणि यंत्र त्याच्या नजरेला बळ देतं. दुसऱ्या वाटेने गेलेल्या वैमानिकाचा हात रोजच्या चांगल्या हवेतही हडवर तयार होत राहतो, आणि वाईट दिवशी त्याला अनोळखी काही करावं लागत नाही. ऑटोलँडवर देखरेख करणाऱ्याला ती तालीम मिळत नाही. दोन्ही सोयी एकाच विमानात असाव्यात याच बाजूचा मी आहे, पण निवड करायचीच झाली तर माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे.

याच वळणावर सगळ्यात अवघड प्रकरण सुरू होतं. १९८० साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रात फिशर, हेन्स आणि प्राइस यांनी विमानकंपन्यांचे आठ वैमानिक सिम्युलेटरमध्ये बसवले. अ‍ॅप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत जाणं, चालू असताना त्यांनी धावपट्टीवर अचानक दुसरं विमान आणलं. हड वापरणाऱ्यांपैकी दोघांना ते विमान दिसलंच नाही. ते काचेतून सरळ त्याच दिशेने पाहत होते. त्यांची उड्डाणातली अचूकता उत्तम होती, मार्गचिन्ह जागच्या जागी होतं, आणि समोरचं अख्खं विमान त्यांच्या लक्षात शिरलं नाही. ज्यांना दिसलं त्यांनाही हडसह दिसायला जास्त वेळ लागला.

म्हणजे डोळ्याचा फोकस जुळला तरी लक्ष जुळतंच असं नाही. नंतरच्या संशोधकांनी याला लक्षाचा बोगदा म्हटलं, आणि त्यांना एक महत्त्वाचा भेद सापडला. जी चिन्हं बाहेरच्या दृश्याला चिकटून राहतात, म्हणजे क्षितिजावर बसलेली क्षितिजरेषा, धावपट्टीच्या कडांवर बसलेली तिची रूपरेषा, त्यांच्यासोबत मेंदू बाहेरचं जगही पाहतो. काचेवर एका जागी थिजलेले आकडे मात्र लक्ष स्वतःकडे ओढून घेतात. या एका निष्कर्षाने रचनाकारांचं काम बदललं. जमिनीजवळ येताच वेगाची आणि उंचीची उभी पट्टी नाहीशी करून साधे आकडे ठेवायचे. दिशेची कमान कमी करायची. कंट्रोल व्हीलवर बोटाशी एक बटण द्यायचं, ज्याने वैमानिक काच क्षणात रिकामी करू शकेल. प्रत्येक चिन्हासाठी कोणीतरी आग्रह धरलेला असतो. इंधन, इंजिन, हवामान, सगळंच महत्त्वाचं. त्या आग्रहांना नकार देणाऱ्या अभियंत्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

रंगाचाही प्रश्न आहे. पॅनेलवर लाल म्हणजे धोका, अंबर म्हणजे सावधान, हे वैमानिकाच्या अंगवळणी पडलेलं असतं. एकरंगी काचेवर तो संकेत उरत नाही, म्हणून इशारे चौकटीत, लुकलुकत्या किंवा ठळक अक्षरांत द्यावे लागतात. विमान वेडंवाकडं झालं, नाक फार वर किंवा पंख फार कलले, तर नेहमीचं चित्र बाजूला सारून सावरण्यापुरतं सोपं चित्र आपोआप यावं लागतं.

बसवण्याच्या तपशिलांकडे वळतो. तिथली कसोटी मिलिमीटरची आहे. काचेवरचं क्षितिज खऱ्या क्षितिजावर बसायचं तर प्रोजेक्टर आणि काच विमानाच्या अक्षाशी अचूक जुळलेली हवीत, आणि केबिनचा दाब वाढल्या-उतरल्यावरही तशीच राहायला हवीत. कंबायनर दुमडता येतो, तर दर वेळी उघडल्यावर तो नेमका जागेवर आला का हे यंत्रणेने स्वतः तपासलं पाहिजे. आपत्तीत वैमानिकाचं डोकं पुढे आदळलं तर ती काच सुटून बाजूला व्हायला हवी. जुन्या विमानात छतावर जागा शोधायची, थंड हवा पोहोचवायची, वायरिंगचे गठ्ठे ओढायचे; त्यासाठी विमान कित्येक दिवस हँगरमध्ये अडकतं, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. प्रमाणपत्र देणाऱ्यांचा सर्वांत कडक आग्रह मात्र एका गोष्टीवर असतो: खरं वाटेल असं खोटं चित्र काचेवर कधीच येता कामा नये. म्हणून हडचा संगणक दोन्ही बाजूंच्या संवेदकांची माहिती सतत ताडून पाहतो, आणि तिसऱ्या श्रेणीच्या अ‍ॅप्रोचमध्ये तफावत आढळली की इशारा देतो. तो दिसला की वर निघून जायचं, चर्चा नाही.

एक हड की दोन? फार काळ तो फक्त कॅप्टनसमोर असे, आणि को-पायलट खाली पॅनेल पाहून हडच्या इशाऱ्यांचा वेगळा फलक सांभाळी. दोघांनी दोन वेगळ्या साधनांनी पाहणं यात एक सुरक्षा आहे असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. पण मग को-पायलट कॅप्टन होईपर्यंत हडवर कधी शिकणार? लॉकहीडच्या सी-१३०जे या वाहतूक विमानाने दोन्ही वैमानिकांसमोर हड ठेवून त्यालाच उड्डाणाचं प्राथमिक साधन मानलं. बोइंग ७८७ ने दोन हड मूळ बांधणीतच दिले, पैसे मोजून मागवायची वस्तू म्हणून नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये ते विमान ऑल निप्पॉनच्या सेवेत आलं. २०१२ पासून एअर इंडियाकडेही आहे. एम्ब्रेअरची ई-जेट, एअरबसची ए३२० ते ए३५० ही विमानं हड पर्याय म्हणून देतात. चीनच्या नियामकाने २०१२ मध्ये आराखडा काढून २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळ्या ताफ्यात हड आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. अमेरिकेतल्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने १९९१ साली १,०७९ नागरी जेट अपघात तपासून सुमारे ३१ टक्के अपघात हडमुळे टळले असते किंवा सौम्य झाले असते असा अंदाज दिला होता. ‘असते’वर आधारलेला आकडा जपून वापरावा हे खरं, पण त्यातला अर्धा भागही पुरेसा मोठा आहे.

नव्या शतकात काचेवर कॅमेरा आला. विमानाच्या नाकात बसवलेला इन्फ्रारेड कॅमेरा उष्णता पाहतो, आणि त्याचं चित्र हडवर बाहेरच्या दृश्याशी तंतोतंत जुळवून दाखवलं जातं. गल्फस्ट्रीमच्या बिझनेस जेटला २००१ मध्ये याची मान्यता मिळाली, फेडेक्सने आपल्या मालवाहू विमानांत ते आणलं. अमेरिकी नियमांनी २००४ मध्ये या चित्राच्या आधारे १०० फुटांपर्यंत आणि २०१६ च्या नियमाने योग्य यंत्रणा व प्रशिक्षण असेल तर थेट धावपट्टीपर्यंत उतरायला परवानगी दिली. आणि याच सुमारास जमिनीवर दुसरा बदल चालू होता. विमानतळ वीज वाचवण्यासाठी जुने दिवे काढून एलईडी बसवत होते. जुना दिवा तापतो, म्हणून इन्फ्रारेड कॅमेऱ्याला तो लखलखीत दिसतो. एलईडी इतका थंड असतो की त्याच कॅमेऱ्याला तो जवळपास दिसतच नाही. शेवटी दृश्य प्रकाश आणि उष्णता दोन्ही टिपणारे अनेक संवेदकांचे कॅमेरे बनवावे लागले. हड हे विमानात बसवायचं यंत्र असलं तरी त्याचा अर्धा भाग धावपट्टीवर असतो, हे या प्रसंगाने सगळ्यांना शिकवलं.

आपल्याकडच्या वाचकाला यात आपलंही काही सापडेल. तेजस लढाऊ विमानाचा हड चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत घडला. समांतर किरणांचं आणि अचूक लेपांचं हे ज्ञान देशात आहे. दिल्लीच्या हिवाळी धुक्यात धावपट्टीवरची दृश्यता मोजणारं ‘दृष्टी’ हे उपकरण बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने बनवलं आहे, आणि अशा मोजमापाशिवाय कोणत्याही हडला कमी दृश्यतेची परवानगी मिळत नाही. पण आपली खरी परीक्षा दिल्लीत नाही. दिल्लीला तिसऱ्या श्रेणीची यंत्रणा आहे. परीक्षा लहान विमानतळांवर आहे, जिथे धावपट्टी आखूड, दिवे मोजके आणि जमिनीवरची लँडिंग यंत्रणा साधी किंवा नाहीच. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर टर्बोप्रॉप विमान किशनगडला ‘गगन’ या आपल्या उपग्रह यंत्रणेच्या मार्गदर्शनावर उतरलं. असा उपग्रहीय उतार आणि काचेवरचं मार्गचिन्ह एकत्र आले तर लहान धावपट्टीवरही वैमानिकाला स्थिर, तीन अंशांची वाट मिळू शकते. एटीआरने अशा टर्बोप्रॉप विमानांसाठी छतावरच्या प्रोजेक्टरऐवजी वैमानिकाच्या डोक्यावर घालायचा डिस्प्लेही देऊ केला आहे, कारण त्या कॉकपिटमध्ये जागाच कमी.

कोकणपट्टीच्या पावसाळ्याबद्दल मात्र भाबडी अपेक्षा नको. मुसळधार पावसात आणि दाट जलकणांच्या ढगात इन्फ्रारेडची नजर मानवी डोळ्याच्या फारशी पुढे जात नाही. तिथे हडचा उपयोग वेगळा आहे: पावसाने विंडशील्ड धुऊन निघत असताना, वारा दर क्षणी बदलत असताना, वेग वाढतोय की घटतोय हे मार्गचिन्हाशेजारची लहानशी खूण लगेच सांगते, आणि अ‍ॅप्रोच बिघडतोय हे हजार फुटांवरच कळून परत वर जाण्याचा निर्णय लवकर घेता येतो. पुढच्या प्रकरणांत याच खुणेपासून सुरुवात करून एकेक चिन्ह घेतलं आहे. ते काचेवर कोणी, कशासाठी आणलं आणि कोणत्या उंचीवर ते नाहीसं व्हायला हवं, या क्रमाने.